जटांच्या खाली

आमच्या घरातला कुत्रा बाबांचा होता, माझा नव्हता. बाबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी हा आणला. अल्सेशियन जातीचा, पण केस नेहमीच्या अल्सेशियनपेक्षा लांब आणि दाट, मानेभोवती तर आयाळच. मी लग्न होऊन सांगलीकडून उज्जैनला आले त्या वर्षी मी त्याच्या ताटलीजवळून नुसती गेले, तर त्याने माझ्या पदराला दात लावले होते. तेव्हापासून आमचा दोघांचा एक अलिखित करार होता. मी स्वयंपाकघरात, तो अंगणात. मधे जाळीचं दार.

त्या जाळीतून मी बाबांना रोज त्याचे केस विंचरताना बघायची. माधव नगरातल्या आमच्या गल्लीत कुत्रे पुष्कळ घरांत, आणि गर्मी लागली की कोणी ना कोणी फाटकाशी थांबून सांगायचंच, "अंकलजी, इसको मुंडवा दो, बेचारा मर जाएगा गर्मी से." बाबा फणी न थांबवता उत्तर द्यायचे, आणि आत येऊन तेच मला मराठीत सांगायचे, "वरचे केस म्हणजे त्याची छत्री आहे ग. छत्री काढली तर ऊन सरळ चमडीवर. आतली लव तेवढी काढायची, म्हणजे हवा खेळते." चैत्रात ती लव पुंजक्यांनी निघायची, अंगणभर कापसासारखी उडायची, आणि चिमण्या येऊन चोचीत धरून न्यायच्या. वैशाखात बाबा हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघायचे. हाताला चटका बसला तर फिरायला जाणं नाही. पावसाळ्यात आंघोळ कमी आणि पुसणं जास्त. बोटांच्या बेचक्या, कानांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मधे. जुन्या धोतराचे तुकडे त्यांनी त्यासाठीच ठेवले होते. ठंडीत आंघोळ घालायची तर भर दुपारी, उन्हात. हे सगळं मी ऐकत होते, आणि यातलं काही आपल्याला कधी करावं लागेल असं मनातसुद्धा नव्हतं.

मग बाबांना लकवा मारला. पाऊस नुकताच सुरू झाला होता. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि त्यांना तो सुटल्याचं कळलंच नाही. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नवरा त्यांना घेऊन इंदूरच्या दवाखान्यात राहिला. मी शाळेत शिकवायची, घर बघायची, सुट्टीच्या दिवशी इंदूरला जाऊन यायची. आणि कुत्र्याला जेवायला घालायची. म्हणजे ताटली जाळीच्या दाराखालून सरकवायची.

तो फाटकाशी बसून राहिला. ज्या रस्त्याने बाबांना नेणारी गाडी गेली त्या रस्त्याकडे तोंड करून, भर पावसात. मी हाका मारल्या, पोळीचा तुकडा दाखवला, तो हलला नाही. टॉवेल घेऊन एकदा जवळ गेले तर वरचा ओठ उचलून त्याने दात दाखवले. आवाजही केला नाही, नुसते दात. मी तशीच मागे सरले. त्या साली जी लव गळायची राहिली होती ती तशीच अडकली, भिजली, वाळली, पुन्हा भिजली. कानामागे, पोटाखाली, मागच्या मांडीवर गाठी झाल्या, गाठींच्या जटा झाल्या. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका दुकानवाल्याला फ्रीगंजच्या बाजारातून बोलावलं, तो फाटकातूनच परत गेला. "मॅडम, ये तो हाथ नहीं लगाने देगा."

बाबा घरी आले ते व्हीलचेअरवर. त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, "हो". भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, राग आला तरी हो. दवाखान्यातून ताकीद होती की छातीत कफ आहे, कुत्र्याला लांब ठेवा. म्हणून आम्ही त्याला मागच्या अंगणात बांधला. तो भुंकला नाही. पण बाबांना खोलीत नेलं तेव्हा मागच्या बाजूने एक लांब सूर आला. बाबा छताकडे बघत राहिले.

नवऱ्याची रजा संपली, तो भोपाळला आपल्या बँकेत परत गेला. आणि त्याच आठवड्यात वास यायला लागला.

आधी मला वाटलं, नाली तुंबली असेल. मग बघितलं तर कुत्रा मागची मांडी सारखी चावत होता, त्या जागेवर माशा घोंघावत होत्या, आणि ताटली कालपासून तशीच भरलेली होती. मी जनावरांच्या डॉक्टरणीला फोन केला. ती दर वर्षी लस टोचायला यायची, बाबा धरायचे तेव्हा. शिप्रेला पूर होता, रामघाटावरची छोटी देवळं पाण्यात होती, आणि ती नदीपलीकडे गाईंसाठी गेली होती. दुपारी आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

तिने लांबूनच बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. मुसकं घेऊन पुढे गेली तर तो साखळी ताणून असा झेपावला की भिंतीतली कडी हलली. मुसकं तिच्या हातातून पडलं.

"जटों के नीचे कीड़े पड़ गए हैं," ती म्हणाली. "अंदर मांस खा रहे हैं. आज ही साफ करना पड़ेगा. कल तक रुके तो और गहरे जाएँगे."

"बेहोशीचं इंजेक्शन?"

"दे सकती हूँ." ती म्हणाली. "लेकिन इसकी उमर देखिए, दिल भी इसका ठीक नहीं, पिछले साल ही बताया था अंकलजी को. ऊपर से खाया नहीं है. सो जाएगा, मगर उठेगा कि नहीं, ये मैं नहीं कह सकती."

मी नवऱ्याला फोन लावला. डॉक्टरणीचं बोलणं सांगितलं. "द्यायला सांग इंजेक्शन," तो म्हणाला. "वेगळा रस्ता कुठे आहे? बाबांना मात्र काही सांगू नकोस."

पण बाबांची खिडकी मागच्या अंगणावरच उघडत होती. आतून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. पलंगाच्या लोखंडी दांडीवर ते डाव्या हाताची अंगठी आपटत होते. मी धावत गेले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि ते म्हणत होते, "हो! हो! हो!"

"बाबा, शांत व्हा. डॉक्टर आल्या आहेत. त्या बघताहेत."

त्यांनी डावा हात उचलून खुर्चीकडे दाखवला. मग अंगणाकडे. मग माझ्याकडे.

"डॉक्टरांनी जवळ न्यायला मनाई केली आहे, बाबा. कफ आहे तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. हळू, दात चावून. या वेळचा हो म्हणजे काय, हे समजायला मला वेळ लागला नाही.

मी डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, माणसांच्या डॉक्टरला विचारायला हवं. मग बाबांकडे बघून म्हणाली, "अंकलजी को मास्क लगा दीजिए. बाद में हाथ-मुँह अच्छे से धुलवा देना." मी मास्क बांधला, मांडीवर प्लास्टिक घातलं, त्यावर चादर, आणि खुर्ची मागच्या ओसरीवर ढकलत नेली.

कुत्र्याने बघितलं. तो धावून येईल, खुर्ची उलटवेल, अशी मला धास्ती होती. साखळीचं भिंतीकडचं टोक हातात धरून डॉक्टरण तयारीत उभी होती. पण तो लंगडत, पोट जमिनीला लावत आला, आणि बाबांच्या निर्जीव उजव्या हाताखाली त्याने डोकं घातलं. तो हात उठेना तेव्हा नाकाने त्याला ढुशी दिली. पुन्हा दिली. बाबांनी डावा हात पलीकडून आणून त्याचा कान धरला.

डॉक्टरणीने केस कापायचं मशीन बाहेर काढलं आणि नुसतं सुरू केलं. त्या घरघरीबरोबर कुत्र्याच्या गळ्यातून तशीच घरघर निघाली. तिने ते बंद केलं. मग कैची घेऊन एक पाऊल पुढे आली, तो पुन्हा गुरगुरला. ती मागे सरकली आणि कैची तिने माझ्यापुढे धरली.

"मेरे अंग से दवाई की बास आती है इसको. आपको करना पड़ेगा."

"मी? मला तर तो..."

"मैं बताती जाऊँगी. आप बस हाथ धीरे चलाना."

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत विनंती नव्हती, हुकूमही नव्हता. एखादा माणूस गाडी सुटायची वाट बघतो तसे ते बघत होते.

मी फणी घेतली. जाळीतून इतकी वर्षं जे बघितलं होतं ते त्या क्षणी आठवलं: बाबा आधी फणी त्याला हुंगू द्यायचे, आणि सुरुवात नेहमी छातीवरून करायचे, पाठीवरून कधीच नाही. मी फणी पुढे केली. त्याने हुंगली. हुंगताना ती त्याच्या नाकाला लागली. मी छातीवरून दोनदा फिरवली. मग बरगडीवरून. मग मांडीपर्यंत येता येता माझ्या ब्लाऊजची पाठ घामाने भिजली.

"अब कंघी को चमड़ी और जटा के बीच में घुसाइए," डॉक्टरण मागून सांगत होती. "चमड़ी नहीं कटनी चाहिए. कंघी के ऊपर से काटिए. ऊपर से."

फणी सरकेना. काथ्याच्या चटईसारखी घट्ट जट होती, कडेने तेवढी उचलली गेली. मी कैची लावली. कच्च करून पहिला तुकडा निघाला. कुत्र्याची सगळी कातडी एकदम शहारली, पण तो उभा राहिला. दुसरा तुकडा. तिसरा. आणि मग जट एका बाजूने झाकणासारखी उघडली आणि खालचं दिसलं.

मी ते लिहिणार नाही. पांढरं काहीतरी हलत होतं, एवढंच. वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड बाजूला वळवलं.

"रुकिए मत," डॉक्टरण म्हणाली. "अब रुके तो ये दुबारा नहीं खड़ा रहेगा."

मी डॉक्टरणीने काढून ठेवलेला औषधाचा फवारा उचलला आणि दाबला. त्याचा फुस्स आवाज झाला मात्र, कुत्रा गर्रकन वळला आणि माझं मनगट त्याच्या तोंडात गेलं.

मी हात तसाच ठेवला. वरचे सुळे मनगटाच्या शिरेवर टेकलेले मला जाणवत होते, त्याचा गरम श्वास, त्याची ओली जीभ. हात ओढला असता तर फाटला असता. डॉक्टरण हळूच म्हणाली, "हिलना मत."

"हो," बाबा म्हणाले.

त्यांनी त्याचा कान सोडून त्याच्या कपाळावर तळवा ठेवला होता. आवाज इतका खालचा होता की मला तो त्यांचा वाटलाच नाही. "हो... हो... हो..." एकाच लयीत, लहान मुलाला थोपटावं तसं. कुत्र्याचे डोळे माझ्यावर होते, कान मात्र मागे वळले. किती वेळ गेला मला माहीत नाही. मग जबडा सैल झाला. त्याने माझं मनगट सोडलं, आणि त्यावर जिथे दातांचे ठसे उमटले होते तिथे जीभ फिरवली.

रक्त नव्हतं. मी तशीच खाली बसले होते. उठून आत निघून जावं असं वाटत होतं, आणि गेले असते तर कोणी दोष दिला नसता.

"कपास पे दवाई लेकर," डॉक्टरण म्हणाली. "आवाज़ नहीं होगी."

मी कापसाचा बोळा भिजवला. बाकीचं काम तसंच झालं, बोळ्याने आणि चिमट्याने, इंचाइंचाने. मधे बाबांची मान कलायला लागली, ते दमले होते, पण कपाळावरचा हात त्यांनी काढला नाही. पाऊस येऊन गेला, ओसरीवर अंधारून आलं तेव्हा डॉक्टरणीने बॅटरी धरली. शेवटी तिने जखम बघितली आणि म्हणाली, "हड्डी तक नहीं गया. बच जाएगा." मग मी नळाशी जाऊन ओकले.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गोळ्या पनीरमधे लपवून द्यायच्या, ड्रेसिंग रोज, आणि दर वेळी बाबांची खुर्ची बाहेर. माशा बसू नयेत म्हणून नवऱ्याचा जुना सुती शर्ट त्याला घातला. बाह्यांमधून पुढचे पाय, पाठीवर बटणं. गल्लीतली मुलं हसली. बाबांचा कफ वाढला नाही, ही नशिबाची गोष्ट. नवरा शनिवारी आला, सगळं ऐकून आधी माझ्यावर चिडला, मग मागच्या ओसरीवर जाऊन कितीतरी वेळ एकटाच बसला.

हळूहळू बाबा डाव्या हाताने फणी धरायला लागले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई चेंडू दाबायला सांगायच्या, तो ते फेकून द्यायचे. फणी मात्र धरायचे. छाती आणि मान ते करायचे, मागची बाजू मी. तो अजूनही मी शेपटीजवळ गेले की गुरगुरतो. आणि मला अजूनही भीती वाटते, हे मी कोणापासून लपवत नाही. पाऊस झाला की टॉवेल घेऊन मीच जाते, बेचक्या पुसते, कानामागे बोटं घालून बघते. मांडीवर जिथे जखम होती तिथे केस उशिरा आले, आणि आले ते पांढरे.

ठंडीतली एक दुपार. अंगणात ऊन होतं, मी घाईत होते, मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, म्हणून त्याच्या मागच्या पायावरून भराभर फणी ओढत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, कपाळावर आठ्या पडल्या, कसलंतरी ओझं ढकलत असावेत तसा त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"ह... हळू," ते म्हणाले.

माझा हात थांबला. त्यांचाही. मग ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, चिडून, "हळू कर ना!"

मी तशीच, फणी हातात घेऊन, नवऱ्याला फोन करायला आत पळाले.