बदनाम इंजिनाचे वकील

वाघमारे काका हॉटेलात बसले की समोसा आधी खायचे नाहीत, फिरवायचे. वाटीत ठेवून बोटाने गोल गोल फिरवत ते समोरच्याला विचारायचे, "दिसलं का? हे आमच्या गाडीचं इंजिन." समोरचा बिचारा नुसता चहा प्यायला आलेला असायचा. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली आपटत राहतात आणि काकांच्या गाडीत मात्र तीन कोपऱ्यांचा एक लोखंडी तुकडा गोल फिरतो, हे आमच्या निम्म्या सेलू गावाला त्या समोशामुळेच कळलं. समोसा तोवर गार झालेला असायचा.

गाडी लाल, बुटकी, दोन दारांची, जपानी. उमेदीच्या काळात काका हैदराबादेत एका शौकीन माणसाच्या गॅरेजात मेकॅनिक होते. हे इंजिन भरोशाचं नाही असं जो तो सांगायचा, म्हणून त्या माणसाचं मन गाडीवरून उडालं. काकांनी ती मागून घेतली आणि आमच्या गल्लीत आणून उभी केली. इथेही तेच. तेल पिते, कोपऱ्यांवरच्या पट्ट्या झिजतात, कधी दगा देईल सांगता येत नाही. काका भांडायला एका पायावर तयार असायचे. "तेल पिणं त्याच्या घडणीतच हाय. तुमी च्या पिऊन कामाला लागता, ते तेल पिऊन लागतंय. इंजिन बदनाम हाय, बेइमान न्हाई." या वाक्यापायी त्यांनी दोन चांगले मित्र आणि एक व्याही दुखावला होता.

एक पथ्य मात्र ते कडक पाळायचे. गार इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. तसं केलं की आत पेट्रोल साचतं, इंजिन गुदमरतं आणि मग कितीही किल्ली फिरवा, ते ढिम्म. म्हणून गाडी नुसती सावलीत सरकवायची असली तरी काका ती देवगाव फाट्यापर्यंत पळवून आणायचे. काकू गेल्यावर हे रोजचंच झालं. दिवसभर घर त्यांना खायला उठायचं. संध्याकाळी फाट्यावरून परतले की चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. मी एकदा शेजारी बसून गेलो होतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज चढत गेला तसे काका गप्प झाले. इतकं गप्प मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

त्यांचा मुलगा मिलिंद पुण्यात असतो. वडिलांनी इथे एकटं राहू नये असं तो म्हणायचा, आणि त्यात काही चूक नव्हती. पण काका त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी राहून आले होते. परतल्यावर मला म्हणाले, "लय जपतात रे. नुसतं बसवून ठेवतात." त्यानंतर पुण्याचा विषय निघाला की ते गाडीचं कारण पुढे करायचे. हिला कोण बघणार, तिथं ठेवू कुठं? शेवटी मिलिंदने गाडीलाच गिऱ्हाईक शोधलं. गाडी गेली की कारणही जाणार होतं.

गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आला. गाडी वाटेत होती. काका उठले, गाडी चालू केली, दोन हात मागे घेतली आणि बंद केली. मी ओट्यावर उभा होतो. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते हंडा घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले.

दुपारी मिलिंद त्या माणसाला घेऊन आला. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी बसली. मिलिंदला गाडीतलं काही कळत नाही आणि तो माणूस हौशी असला तरी नवखा होता. बॉनेटवरून हात फिरवत तो हळहळला, "ऐकलं होतं ते खरंच निघालं. या इंजिनाचा भरवसा नाही." काकांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. मला तिथे थांबवेना. दुरुस्त झाली की कळवा, हे परत येतील, असं सांगून मिलिंद गेला.

प्लग काढून वाळवायचे आणि बॅटरी चार्ज करायची, एवढंच काम होतं. काकांच्या हातचा मळ. पण त्याला वर्ष होत आलं. हॉटेलात आता लोक मुद्दाम विचारतात, काय काका, दिला ना दगा? काका म्हणतात, पार्ट मिळेना. गिऱ्हाईक अजून थांबलंय असा मिलिंदचा फोन आला तरी हेच. संध्याकाळ झाली की ते गाडी पुसतात, आत बसतात, दार लावून घेतात. हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या भिंतीवर. मला ते बघवत नाही.

परवा मी दार उघडून शेजारी बसलो. म्हटलं, काका, कुणाला सांगत नाही, एकदा फाट्यापर्यंत जाऊन येऊ. प्लग वाळवा, बॅटरी चार्ज करा, चालू तर करून बघा.

काकांनी किल्लीला हात लावला आणि मागे घेतला.

"चालू केली तर चालू व्हईल रे ती," ते म्हणाले. "त्याचंच तर भ्या वाटायलंय."