क्रूझरच्या पोटातली जागा

खोकं उघडलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. आत लढाईतल्या क्रूझरचं मॉडेल होतं, म्हणजे तिचे सगळे सुटे भाग. प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेल्या तोफा, होड्या, नांगर, शिड्या, आणि पितळेच्या पातळ पत्र्यात कोरलेले केसाएवढे कठडे. जोडून झाली की बोट हातभर लांब होणार होती. धाकटा दीर मालवाहू जहाजावर नोकरीला, त्यानं ती परदेशातून वडलांसाठी आणलेली. हीच क्रूझर स्वातंत्र्यानंतर आपल्या आरमारात आली, आणि आमचे सासरे तिच्यावर बारा वर्षं होते.

मी पेणची. माहेरी गणपतीचा कारखाना आणि आखणी माझ्याकडे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे ते मी. लग्न होऊन रोह्याशेजारच्या वरसे गावात आले आणि हाताला नुसत्या पोळ्या लाटायचं काम उरलं. त्यामुळे ते खोकं मी कोणाला देणार होते थोडंच. आमचे हे कंपनीच्या शिफ्टला निघता निघता वडलांना म्हणाले, "हिच्या हातात दिलीत तर बोटीला सोंड फुटेल." मी म्हटलं, फुटू दे, शोभून दिसेल.

बाबा, म्हणजे सासरे, मूळचे गडब गावचे भातशेतीवाले. बोलायला कमी. त्यांनी बोटीचा खालचा अर्धा भाग हातात घेतला, उलटा केला, आत बोट फिरवलं.

"बॉयलर रूम कुठं हाय?"

कुठेच नव्हती. बोट आतून पोकळ. वर सगळी चंगळ, पोटात काही नाही.

"म्हणजे माझी जागाच नाय यात," ते म्हणाले आणि भाग खाली ठेवला. मग जरा वेळानं, "डेक एकदा चिकटवलंस की संपलं बघ. आतलं कोण बघतंय."

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणून गेले, "तुमची जागा मी करते बाबा. ती झाल्याशिवाय डेक लावणार नाही." दुसऱ्या दिवशी ते चहाच्या आधीच येऊन माझ्यासमोर बसले.

काम सुरू झालं आणि मी पहिल्याच झटक्याला माती खाल्ली. कारखान्यात साच्यातून मूर्ती निघाली की तिच्यावरचे फोड, साच्याच्या रेघा पॉलिश पेपरनं घासून काढायच्या, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. बोटीच्या अंगावर मला बारीक बारीक फोड दिसले. बसले घासत. एक अख्खी बाजू अशी गुळगुळीत केली, की गणपतीच्या पोटावरून हात फिरवावा. हे दुपारी घरी आले, दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "या बाजूच्या गोल खिडक्या कुठं गेल्या गो?"

फोड कसले, खिडक्यांच्या कडा होत्या त्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी या माणसासाठी काही आणलं, आणि मी त्याची वाट लावली. बोट घेऊन बाबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी त्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि चक्क हसले. "तोंड कशाला पाडतेस? माझ्याकडं खिडकी नव्हतीच. आमी पाण्याच्या खाली. वाफ, तेल आणि आवाज. ड्यूटी संपली की मेल्यासारखं झोपायचं. बारा वर्षं दर्यात होतो, पण दर्या बघितला किती म्हणून विचारशील, तर काय सांगू तुला."

एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग मला चेवच चढला. शिवणाची सुई चिमट्यात धरून एकेक खिडकी पुन्हा पाडली. काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची बॉयलर रूम केली, संपलेल्या रिफिलचे बॉयलर, तारेचे पाइप. बाबा समोरून हुकूम सोडत होते, "हा पाइप डावीकडं. हितं शिडी. व्हय, अशीच." मला जेवण सुचेना. भात दोनदा करपला आणि घरच्यांनी तो तसाच खाल्ला.

पुढचं डेक कठड्यांसकट लावून टाकलं, बॉयलर रूमवरचा तुकडा तेवढा बाजूला ठेवला. राहिला माणूस. हिशेबानं तो तांदळाच्या कणीएवढा होत होता. मग कणीच का नको? गडबच्या आमच्या शेतातल्या तांदळाची एक सरळ कणी निवडली. पांढरी बनियन, निळी पँट, आणि शेवटी सुईच्या टोकानं दोन डोळे. पेणला मोठमोठ्या मूर्तींचे डोळे काढले, पण इतके बारीक कधी काढले नव्हते. जमलं तेव्हा मी उठून खोलीभर फिरले, बसवेना मला.

ओटीवर ऊन होतं. बाबांना तिथे बसवलं, बोट समोर ठेवली, हातात भिंग दिलं, चिमट्यात कणी धरली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"हा मी?"

"तुम्ही."

"डोळेपण काढलेस."

"आता बॉयलरपाशी उभा करते," मी म्हटलं. चिमटा बोटीच्या पोटात नेला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"तिथं नको गो. तिथं लय राहिलो. वर ठेव, कठड्यापाशी. तोंड बाहेर कर."

मी पुढच्या कठड्याला थेंबभर गोंद लावला, कणी उभी केली, तोंड बाहेर केलं. बाबांनी पुन्हा भिंग लावलं, मान हलवली, आणि बाजूला पडलेला डेकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.

"आता लाव हे," ते म्हणाले, "आत कोण नाय."