मधला ठिपका

रांगोळीला हात लावायचा नाही, हे मला कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. पंधराव्या वर्षी लग्न होऊन निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या घरी गेले, सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला. मोकळ्या कपाळानं बेळगावाशेजारी अनगोळला माहेरी परत आले, तर आईनं रांगोळीची करवंटी खालच्या फळीवरनं उचलून पार वरच्या फळीवर ठेवली होती. त्यावरनं कळलं. घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की अप्पा ‘तिघं’ म्हणायचे. आई, ते आणि माझा भाऊ. मला धरून आम्ही चौघं होतो.

लढाईचे दिवस होते. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बेळगावात कॉलेजला, इंटर सायन्सच्या वर्गात. मी मराठी सातवी पास. मला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं आणि मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. तसं मी अप्पांना समोर उभं राहून सांगितलं. ते अडकित्त्यात सुपारी धरत म्हणाले, “त्येचं इंटर होऊ दे गं. मग तुझं बघू.”

झालं! माझं पुणं भावाच्या गणितात जाऊन अडकलं, आणि भाऊ गणितात कायम काठावरचा. तिकडं निपाणीहून सासऱ्यांचे निरोप येतच होते. त्यांना सून नको होती, वखारीत तंबाखूची पानं निवडायला हक्काचे दोन हात हवे होते. भाऊ नापास झाला असता तर मी त्या वखारीत गेले असते आणि आजवर खोकत बसले असते.

रॉकेल मिळायची मारामार, म्हणून भाऊ दुपारी परड्यात पेरूखाली बसून अभ्यास करायचा. एका दुपारी त्यानं पुस्तक आपटलं. मी शेणी रचत होते.

“आक्का, कुठल्या संख्येला तिनंच गुणलं की उणे एक येतंय?”

“तुला म्हाईत न्हाय, तर मला काय म्हाईत?”

“कुठलीच न्हाय. अधिकाला अधिकानं गुणलं तर अधिक. उण्याला उण्यानं गुणलं तरीबी अधिकच. पण पुस्तक म्हणतंय, तसली एक संख्या हाय असं समजा.”

“कोण म्हणतंय समजा?”

“इंग्रज.”

“मग समज की. राज्य त्येंचं हाय.”

त्याला हसू आलं नाही. पुस्तक माझ्यापुढं धरून त्यानं आकृती दाखवली. आपल्या रोजच्या संख्या एका आडव्या रेघेवर मांडलेल्या, ही मानून घेतलेली संख्या आणि तिच्या पटी उभ्या रेघेवर. दोन्ही रेघा मधे एकमेकींना छेदत होत्या. एका संख्येत थोडं आडवं असतं आणि थोडं उभं असतं, तीन आडवे आणि दोन उभे म्हणजे दोन संख्या नव्हेत, ती एकच, असं त्यानं सांगितलं. बाकीचं इंग्रजीत होतं, ते मला वाचता येत नव्हतं. पण आकृतीतले ठिपके वाचायला इंग्रजी कशाला लागतंय?

“अरे, ही तर ठिपक्यांची रांगोळी!”

चुलीतली राख चाळून आणली आणि सारवलेल्या जागेवर नऊ ओळींत नऊ-नऊ ठिपके टाकले. राख म्हणजे रांगोळी नव्हे, अशी मी माझी समजूत घालून घेतली. मधल्या ठिपक्यापासून उजवीकडं तीन, वर दोन, तिथवर एक पाकळी काढली. मग चार पाकळ्यांच्या रांगोळीला करतात तेच केलं. रांगोळीभोवती उजवीकडनं पाव फेरा सरकून बसले आणि तीच पाकळी पुन्हा काढली.

भाऊ होता तिथंच, माझ्या पहिल्या जागेशेजारी बसला होता. त्याच्या बाजूनं बघितलं तर पहिल्या पाकळीचे तीन आडवे आता तीन उभे झाले होते, आणि दोन उभे होते ते आडवे झाले होते, पण डावीकडं. त्यानं पुस्तकात बघितलं. त्या मानून घेतलेल्या संख्येनं गुणलं की हेच उत्तर येतं, असं तिथं छापलं होतं.

“आक्का, अजून एकदा सरक.”

सरकले. पाकळी पहिलीच्या अगदी उलट बाजूला पडली, तीन डावीकडं, दोन खाली. भाऊ ओरडलाच, “उणे तीन, उणे दोन! दोनदा गुणलं की उणे! दोनदा वळलं की उलटं तोंड!”

“आणि चारदा वळलं की घरला. ह्यात काय एवढं? कुठलीबी पोर काढती ही रांगोळी.”

पण खोटं कशाला बोलू? मला लई आनंद झाला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि मला ते येत होतं.

मग रोज दुपारी आमचं तेच. एकातनं एक वजा करायची तर उलटं चालायचं, मिळवायची तर पहिली संपते तिथनं दुसरी चालायला घ्यायची. आई शेजारी शेंगा फोडत बसायची. आमचं ऐकायची, पण बोलायची नाही. रोज उठताना मी राख पुसून टाकायची, अप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून.

परीक्षेआधी कॉलेजनं चाचणी घेतली. भावाचे गुणाकार सगळे बरोबर आणि आकृती काढून करायच्या बेरजा सगळ्या चूक! एकूण काठाच्याही खाली. अप्पांनी कागद बघितला आणि म्हणाले, “बरं झालं, आधीच कळलं. निपाणीला सांगावा धाडतो, निकाल लागला की न्या म्हणून.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाला परड्यात ओढत नेलं.

“बेरीज चुकती? दुसरीतली पोरं करत्यात!”

“तू शिकवलीस तशीच काढली,” भाऊ रडकुंडीला आला होता. “आकडे नुसते मिळवले तर येगळं येतंय, आकृतीत येगळं येतंय. मला वाटलं, आकृतीचंच बरोबर असंल. गुणाकाराला तुझीच आकृती बरोबर आलती की.”

मी राखेचे ठिपके टाकले. उजवीकडं दोन, तिथनं पुढं तीन. मोजलं तर चार. पुसलं, पुन्हा टाकलं, पुन्हा चारच. दोनात तीन मिळवून चार! राख खोटी का मी खोटी, कळेना. आम्ही दोघं एकमेकांवर ओरडायला लागलो, मधला ठिपका एक, त्याच्या शेजारचा दोन, त्याच्या पुढचा तीन, असं बोट टेकवून टेकवून.

आईनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. जांबोटी तिचं माहेर.

“जांबोटीला जाताना पहिलं गाव कुठलं लागतंय गं?”

“आता हे काय मधीच? पिरनवाडी.”

“का? अनगोळ का न्हाय?”

“अनगोळातनंच तर निघतोय.”

“मग? जिथनं निघायचं, ती जागा कोण मोजतंय व्हय?” एवढं बोलून आईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

रांगोळी काढणाऱ्या बाया मधल्या ठिपक्यालाच एक म्हणतात, आणि चार पाकळ्या वळवायला ते चालून जातं, कारण चारीकडं चूक सारखीच. मिळवायला गेलं की पहिली संपते तो ठिपका दोनदा मोजला जातो आणि एक कमी पडतो. मधला ठिपका मोजायचा नाही, तिथनं मोजायला लागायचं. पुन्हा केलं. दोन आणि तीन, पाच. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. डोळ्यांत राख गेली म्हणत मी ते पुसलं.

भाऊ पास झाला, दुसऱ्या वर्गात. अप्पांनी बेळगावातनं कुंदा आणला, गल्लीत वाटला. माझ्याही हातावर ठेवला. तो हातात धरूनच मी विचारलं, “अप्पा, माझं पुण्याचं?”

“बघू म्हणालो हुतो. जा म्हणालो नव्हतो. त्येचा अभ्यास त्येनं केला, पास झाला. तुझा काय संबंध?”

भावानं मान खाली घातली. ‘आक्कानं शिकवलं’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडातनं निघाले नाहीत. त्या गोष्टीचा राग मला अजून येतो. तो गेला, तरी येतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई उंबऱ्यापुढं सडा टाकून रांगोळी काढायला बसत होती. मी तिच्या हातातनं करवंटी घेतली. तिनं ती घट्ट धरली नाही. घराच्या तोंडाशी, भर गल्लीत मी नऊ-नऊ ठिपक्यांची चार पाकळ्यांची रांगोळी काढली. राखेची नव्हे, खरी. पाणी आणायला निघालेल्या बाया घागरी घेऊन तशाच थांबल्या. विधवेनं दारात रांगोळी घातली, हे दुपारपर्यंत देवळापर्यंत पोचलं होतं.

“पूस ते!” अप्पा गरजले.

“पुसते. उद्या परत काढते.”

तीन दिवस काढली. तिसऱ्या दिवशी भावकीतली दोन माणसं येऊन बसली आणि चहा न घेता उठून गेली. चौथ्या दिवशी अप्पांनी पुण्याच्या फॉर्मवर सही केली. शब्द पाळायचा म्हणून नव्हे, गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत झाली म्हणून. असंना का! मला सही पाहिजे होती, आशीर्वाद नको होता.

निघायच्या दिवशीही मी पहाटे उठून दारात रांगोळी काढली. टांगा यायच्या आधी अप्पांनी आईला ती सारवून टाकायला लावली. मी आत ट्रंक बांधत होते. निघताना अप्पा उंबऱ्यात उभे होते. भाऊ ट्रंक उचलून पुढं झाला. घरातली माणसं आता खरोखरच तीन राहणार होती.

बाहेर पाऊल टाकणार, तर ओल्या सारवणात मधला ठिपका तेवढा तसाच होता. पांढरा, कोरडा. आईच्या सारवणात बोटभर जागा कधी राहिलेली मी बघितली नव्हती.

“आई, ह्यो राहिला.”

“राहिला असंल,” ती म्हणाली आणि शेणाचा हात पाठीमागं घेतला.

त्याच्यावर पाय न देता मी टांग्यात जाऊन बसले. स्टेशनवर भाऊ काहीतरी बोलायला बघत होता, गाडी सुटेपर्यंत त्याला ते जमलं नाही. बेळगाव मागं पडलं. शेतं गेली, एक नाला गेला. सुळेभावी स्टेशन आलं, तेव्हा मी बोट दुमडलं आणि म्हणाले, एक.