कापून बघणारे जाधवकाका

जाधवकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सत्यनारायणाच्या प्रसादाचा पेढा मधोमध कापून आत बघत होते. आत पेढाच होता. त्यांनी तो समाधानाने खाल्ला.

रत्नागिरीतल्या आमच्या काजू कारखान्यात ते माल तपासत. पोत्यातून मूठभर बिया काढायच्या, अडकित्त्याने कापायच्या आणि गराकडे बघून पोत्याचं भवितव्य ठरवायचं. "आत काय हाय ता कापल्याबिगर कळत नाय," हे ते बियांबद्दल म्हणत, कलिंगडांबद्दल म्हणत आणि शेठचं भाषण सुरू झालं की माझ्या कानात म्हणत.

आमची निम्मी कच्ची बी पश्चिम आफ्रिकेतून येते. एका वर्षी ती इतकी खराब आली की शेड दोन महिने बंद राहिली आणि सोलणाऱ्या चाळीस बाया घरी बसल्या. पुढच्या हंगामात शेठ स्वतःच गिनी-बिसावच्या राजधानीला, बिसावला निघाले. मालासाठी काका आणि कागदपत्रांसाठी मी. निघताना बायांनी शेठना नमस्कार केला आणि काकांना सांगितलं, "काका, बगून आणा."

तिथल्या दलालाने पहिला दिवस शहर दाखवण्यात घालवला. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, जुना पोर्तुगीज किल्ला. आत लष्कर असल्याने तो बाहेरूनच. शेठ प्रत्येक इमारतीसमोर स्वतःच बांधल्यासारखे उभे राहून फोटो काढून घेत होते. काकांनी टोपी काढली ती फक्त बंदरावरच्या प्रचंड काळ्या मुठीसमोर. ते संपात मारल्या गेलेल्या गोदी कामगारांचं स्मारक आहे, हे कळल्यावर म्हणाले, "हितं एक काढ गो माझा."

जवळच एक बाई कोळशावर कालवं भाजत होती. काका तिच्या स्टुलावर बसले ते उठेचनात. लिंबू-मिरचीच्या रसात बुडवून त्यांनी दोन डझन संपवली आणि आपल्या रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीची कालवं बारीक, पण चव हीच, असा निकाल दिला. तिने काजूच्या बोंडूंचा रस दिला तेव्हा मात्र त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला. आपण हे झाडाखाली कुजवतो, एवढंच पुटपुटले. तिच्या टोपलीतल्या यंदाच्या दहा कच्च्या बिया त्यांनी विकत घेऊन खिशात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी गोदामात खुर्च्या, शीतपेयं, शेठच्या गळ्यात हार. नमुन्याच्या बिया दलालाने आधीच कापून पांढऱ्या बशीत मांडल्या होत्या. काकांनी बशीचं कौतुक केलं आणि थप्पीच्या तळातलं पोतं ओढायला लावलं. त्यातली बी कापली. गर पिवळा, सुरकुतलेला. शेजारी खिशातली बी कापून ठेवली, पांढरीशुभ्र. वरची पोती यंदाची होती, खालची गेल्या वर्षीची.

शेठ हळूच म्हणाले, "जाधव, मी यांना शब्द दिलाय."

"शब्द तुमी दिलात, शेठ. बायांनी मला सांगून धाडलंय."

शेठनी बशी दूर सारली. मग हार काढून खुर्चीवर ठेवला. माल आम्ही दुसरीकडून घेतला, आणि शेड वर्षभर चालली.

यंदा काका निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात शेठनी बिसावला आपण खराब माल कसा ओळखला, ते सविस्तर सांगितलं. काकांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे झुकून म्हणाले, "भायेरून रंग बरा हाय."

मग त्यांनी हातातलं श्रीफळ कानाशी धरून हलवलं, व्यासपीठावरून उतरले आणि थेट शेडमध्ये गेले. पायरीवर ते फोडून आत नीट बघितलं. चाळीस जणींत एका नारळाचे तुकडे ते किती होणार. पण प्रत्येकीला मिळाला.