कुणाचं मन न मोडणारी मालकीण

कोल्हापुरात जे असेल ते तोंडावर बोलतात. या अख्ख्या गावात कुणाचंही मन मोडता न येणारं एकच माणूस देवाने धाडलं आणि नेमकी त्यालाच कंपनी चालवायला दिली. ते माणूस म्हणजे माझी आत्या. नवरा गेल्यावर चांदीच्या पैंजणांचा धंदा तिच्या अंगावर आला. ऑफिसात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती, कारण तीन विक्रेते भर उन्हातून आले होते. शिपाई सुट्टीवर गेला की चहा ती करायची, आणि तो सुट्टी संपवून आला की पहिला कप त्यालाच द्यायची, दमून आला असेल म्हणून! मी पुण्याहून एमबीए करून तिच्या हाताखाली लागलो, ते बाजार बघून धोरण ठरवतात हे शिकून. आमच्याकडे ते आत्याच्या स्वभावावर ठरे. जवळच्या हुपरी गावातल्या कुणाही कारागिराने नवा नमुना आणला की, "झ्याक झालंय की!" म्हणून ती ठेवून घ्यायची. त्यामुळे दुसरीकडे न मिळणारं पैंजण आमच्याकडे हटकून मिळे आणि गिऱ्हाइकं लांबून येत. हे माझ्या पुस्तकांत कुठेच बसत नव्हतं, म्हणून मी आणखीच चिडायचो.

अण्णा हे हुपरीचेच, आमचे सगळ्यांत जुने कारागीर. दोन वर्षांपासून त्यांची नजर अधू झाली होती, घुंगरं वाकडी बसत. त्यांना सांगून टाक म्हटलं, तर आत्या म्हणाली, "अरं, जल्म गेला त्यांचा घुंगरं बसवण्यात. कुठल्या तोंडानं सांगू?" मग एका बड्या दुकानदाराचा माल भरताना तिने शक्कल लढवली. एक पैंजण अण्णांचं आणि दुसरं चांगल्या नजरेच्या कारागिराचं, असे जोड लावले. "बाईच्या दोन्ही पायांकडं एकदम कोण बघतंय?" हे तिचं शास्त्र. दुकानदाराने बघितलं. तो तडक कोल्हापूरला आला आणि म्हणाला, "त्या कारागिराचं काम बंद करा, ऑर्डर तुमचीच." आत्याने त्याला जेवू घातलं, दोनदा रस्सा वाढला आणि ऑर्डर जाऊ दिली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

बातमी हुपरीला पोचायचीच होती. तिसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या एसटीने आले आणि आपला चिमटा आणि फुंकणी त्यांनी आत्याच्या टेबलावर ठेवली. "दोन वर्सं म्हाईत हुतं व्हय गं तुला? आन् म्या घरात सांगत सुटलोय, मालकीण अजून माझंच काम मागती म्हणून." मला तिचा राग यायला हवा होता, पण दोघांकडे बघून नुसतं वाईट वाटलं. चांगुलपणानेही माणसाला इतकं एकटं पाडता येतं, हे मला कुठल्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं.

अण्णांना स्टँडवर सोडून आलो, तर आत्या दारातच उभी होती.

"रागावलं न्हाईत न्हवं?" तिने विचारलं.

अण्णा अख्ख्या वाटेत एक अक्षर बोलले नव्हते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"छे," मी म्हणालो, "खुशीत गेले."