श्रीखंडाच्या डब्यातला कॉम्प्युटर

चार बायका एका खोलीत जमल्या की किस्से आपोआप साठतात, कुणी ठरवून करत नाही. आमच्या खोलीत तर कॉम्प्युटरही होते, मग काय विचारता!

खोली म्हणजे वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीची, तळमजल्यावरची. फुटक्या फरश्या आणि गणपतीचं जुनं मखर ठेवायची. महिला मंडळाने ती झाडूनपुसून घेतली. माझी सगळी नोकरी कोलशेतच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग करण्यात गेली, त्यामुळे मीच सुचवलं, मोठे कॉम्प्युटर नकोत, हातावर मावणारे बोर्ड घेऊ. एका बोर्डावर अख्खा कॉम्प्युटर असतो. त्याला कुणाच्या तरी माळ्यावरचा जुना मॉनिटर जोडायचा. आतलं सॉफ्टवेअरही मोकळं, कुणीही घ्यावं, कुणीही बदलावं.

चेअरमन कर्णिक बघायला आले. बोर्ड दोन बोटांत उचलून म्हणाले, "हा कॉम्प्युटर? मग बाकीचा कुठाय?"

"एवढाच असतो," मी म्हटलं.

"खेळणी आहेत ही! वार्षिक सभेपर्यंत खोली रिकामी करा. मी तिथे कंपनीचा प्रॉपर क्लास आणतोय."

खोली गेली तर आमचं शिकणंच संपणार होतं. ज्या घरात टीव्हीचा रिमोट हाताला लागत नाही, तिथे कीबोर्ड कोण देणार? आम्ही खोली सोडणार नव्हतो, आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंही.

*

आमच्या मंडळातल्या म्हात्रेकाकूंचं माहेर डोंबिवलीकडच्या गावातलं. आवाज अजून शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. उघड्या बोर्डावर झुरळं फिरतात म्हणून त्यांनी आत दुधाच्या पिशव्या अंथरून तो घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला. वायरींपुरती कडेला खाच पाडून घेतली.

इंटरनेट गायब! काकूंनी इंटरनेटवाल्याला फोनवर असा फैलावर घेतला की तो बिचारा धावत आला. त्याच्या बाजूने सगळं ठीक. शेवटी मी डब्याचं झाकण उघडलं आणि इंटरनेट हजर! स्टीलच्या डब्यात वायफाय शिरत नाही.

काकूंना मात्र त्यात वावगं काहीच वाटलं नाही. "बराबर हाय. माज्या डब्यान कवा कोनाला हात घालता आला नाय!"

मग श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे आणले आणि तापलेल्या दाभणाने त्यांना भोकं पाडली. बोर्ड गरम झाला की अजूनही वेलचीचा वास येतो.

*

दसऱ्याला यंत्राची पूजा नको का? झाकणं उघडली, हळद, कुंकू, अक्षता, वर पाण्यातून काढलेलं झेंडूचं फूल. ओलं कुंकू बरोबर पिनांवर गेलं आणि एक स्क्रीन काळा!

नेमके तेव्हाच चेअरमन प्रसादाला आलेले. "बघा, देवानेच बंद पाडलं!"

मी वायर काढली, स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, पंख्याखाली वाळवला. आमच्यातल्या फिलोमिनाबाई कोलशेतच्या खाडीकाठच्या, मंडळातल्या एकट्या ख्रिश्चन. त्या पुढे झाल्या.

"थांबा चेअरमन, तुमचे देवाचा झाला. आता आमचे देवाला पन एक चान्स द्या!"

त्यांनी क्रॉसची खूण केली, बटण दाबलं. चालू!

तेव्हापासून दसऱ्याला फूल बंद झाकणावर ठेवतो, आणि बटण फिलोमिनाबाईंकडून दाबून घेतो.

*

शेजारणीचा डबा आपण रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. आमचं सॉफ्टवेअर असतं नखाएवढ्या मेमरी कार्डावर. ते एकमेकींना देतादेता त्यालाही तोच नियम लागला. फिलोमिनाबाईंनी कार्ड परत केलं तेव्हा त्यात त्यांच्या घरच्या, बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याची कृती निघाली!

कर्णिकवहिनी म्हणजे चेअरमनच्याच पत्नी. घरी भजनाला जाते म्हणून सांगायच्या आणि इथे येऊन कोपऱ्यात बसायच्या. त्यांनी कार्ड परत करताना हळूच सांगितलं, "त्या पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममधलं मराठी फार ओबडधोबड होतं. मी नीट केलं आणि बनवणाऱ्यांना पाठवलं."

काही दिवसांनी कुठल्यातरी लांबच्या देशातून उत्तर आलं. तुमच्या सुधारणा घेतल्या, मनापासून आभार. वहिनींनी ते पुन्हापुन्हा वाचलं.

"आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं तरच माझं नाव निघतं," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. लगेच रागही आला, आणि तो अजून गेलेला नाही.

*

वार्षिक सभेला चेअरमन कंपनीच्या टायवाल्याला घेऊन आले. "या बायकांच्या सॉफ्टवेअरचा मालक कोण? उद्या काही झालं तर धरायचं कुणाला?"

म्हात्रेकाकू उभ्या राहिल्या. "मालक नाय त्याला! म्हनून तं त्यातून आमाला भायेर कारायला कोन येत नाय!"

सभा हसली. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा हसणाऱ्यांनीच केले, आणि खोली रिकामी करायचा ठराव पास झाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमन वॉचमनला घेऊन आले, हातात नवंकोरं कुलूप. आम्ही पर्स आणि पिशव्या घेऊन दारात उभ्या. कर्णिकवहिनी तेवढ्या नव्हत्या.

"आतलं काही न्यायचंय?" त्यांनी मोठ्या मनाने विचारलं.

"नको, ऱ्हाऊ दे," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

चेअरमननी आतल्या मॉनिटरांवर समाधानाने नजर फिरवली, कुलूप ठोकलं आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मग टायवाल्याबरोबर चहा घ्यायला नाक्यावर गेले.

संध्याकाळी घरी आले तर दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग. आत शोकेसवर श्रीखंडाचे डबे ओळीने मांडलेले, सोफ्यावर रिकाम्या पिशव्या घेऊन आम्ही, समोर त्यांच्या मोठ्या टीव्हीवर आमचा कॉम्प्युटर. आणि त्यांच्या खुर्चीत मांडीवर कीबोर्ड घेऊन वहिनी.

चेअरमन दारातच थांबले. हातात कुलपाची किल्ली तशीच. "अगं, पण मी तर कुलूप..."

वहिनींनी मान वळवली नाही.

"चपला बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यांना चहा टाका. अपडेट चाललंय, मला उठता येणार नाही."