ताईचे तीन आवाज

माझी थोरली बहीण टेलिफोन ऑपरेटर. ऑफिसात तिला सगळे कोकिळाबाई म्हणायचे आणि तिला ते खरं वाटायचं. घरी तिचा आवाज चारचौघींसारखाच, भांडताना तर माझ्याहूनही वरचा.

तिच्या टेबलावर तीन फोन असत. पांढरा साहेबांच्या कंपनीचा. काळा आणि लाल त्यांच्याकडून माल घेणाऱ्या दोन कंपन्यांचे. "त्यांचं ऑफिस अजून थाटायचंय, तोवर तुम्हीच सांभाळा," असं साहेबांनी सांगितलं होतं. वर्षं गेली, ऑफिस काही थाटलं गेलं नाही. ताईची तक्रार नव्हती. पांढऱ्यावर ती गोड बोलायची, काळ्यावर घोगरं, लालवर जरा नाकातून. बँकेतून कुणी चौकशी केली की काळ्यावर आणि लालवर एकच उत्तर: माल पोचला, काही तक्रार नाही.

"अगं, माल पोचला हे तुला कसं कळतं?" मी एकदा विचारलं.

"साहेब सांगतात ना!"

त्या 'ना'पुढे बोलायची सोय नव्हती. साहेब म्हणजे तिचा देव. तिचाच का, पेपरात त्यांचे फोटो यायचे, पोरं त्यांच्यासारखा भांग पाडायची. भर सभेत त्यांनी ताईला उभं करून म्हटलं होतं, "आपली कंपनी म्हणजे या बाईंचा आवाज." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं मलाही नेलं होतं, मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस पोलीस साहेबांना घेऊन गेले. त्या दोन कंपन्या नव्हत्याच. माल नव्हता, गोदाम नव्हतं. खोटी विक्री दाखवून साहेबांनी बँकांना आणि भोळ्याभाबड्या लोकांना बुडवलं होतं. त्या कंपन्यांचं खरं असं काय होतं? दोन फोन आणि आमची ताई.

पोलिसांनी तिला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी साक्षीदार करून सोडून दिलं. ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी चोर आहे का गं?"

"चोर नाहीस, वेडी आहेस."

"मग मला शाबासकी कशाची मिळाली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा साहेब दवाखान्यात येऊन बसले होते. "तुम्ही माझ्यासाठी आला होतात की फोनसाठी?" एवढंच तिला त्यांना विचारायचं होतं. निकालाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले, ती कोर्टात काही करून बसेल म्हणून.

झालंही तसंच. शिक्षा किती द्यावी यावर बोलताना सरकारी वकील म्हणाले, "या दोन कंपन्यांत कधी एकही माणूस कामाला नव्हता."

ताई ताडकन उठली. "असं कसं? मी होते ना!"

लोक हसले. मी तिला दंडाला धरून खाली बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबांना शिक्षा झाली. पोलीस त्यांना आमच्या समोरून नेत होते, तेव्हा ते ताईपाशी थांबले. ताईनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"आवाज बसलाय वाटतं," साहेब म्हणाले. "जपा, बाई. अपिलात लागेल." आणि फोटोतल्यासारखंच हसून ते पुढे गेले.

जिन्यात ताई म्हणाली, "बघितलंस? काळजी आहे त्यांना." खाली पोचेपर्यंत तिचा चेहरा उतरला. "की अपिलाचीच?"

माझ्या जिभेवर शिव्या तयार होत्या. पण दवाखान्यातली ती दुपार आठवली. ताई ग्लानीत होती आणि तो माणूस ओल्या बोळ्यानं तिचे ओठ भिजवत होता. बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मीही दाराआड होते. त्याचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. मी ताईला नुसतं "चल" म्हटलं.

तिला मी घरी आणलं. मी भांडी घासत होते, हात साबणानं भरलेले, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, घे गं जरा."

ती सवयीनं उठली, केस मागे सारले, घसा साफ केला. फोनवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. फोन वाजत होता.

"कोण म्हणून बोलू?" तिनं मला विचारलं.